बिनधुराचा कोळसा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हे काय भंगार. म्हणा. मी शेगडी आहे, जुनी, तीन पायांची, काठाला गंजलेली. पण भंगारवाल्याच्या पोत्यात जाण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना अजून माझी जाळी थरथरते, कारण याच हिवाळ्यात माझ्या हातून दोन माणसं मरता मरता राहिली.

माझा जन्म समुद्रपूरच्या बाजारातला. रस्त्याचं काम आटोपलं तेव्हा डांबराचे रिकामे ड्रम पडून होते. त्यातल्या एकाचा पत्रा हिरालाल लोहारानं कापला, ठोकून वाकवला, आत सळईची जाळी बसवली, राख काढायला खाली तोंड ठेवलं. कमलाबाईनं मला पारखून घेतलं, म्हणजे बोटानं सगळीकडून टकटक वाजवून. "पत्रा पातय हाये, भाऊ," ती म्हणाली. "आजी, तुमच्यापरस जास्त टिकन," हिरालाल म्हणाला. तेव्हा ती आजी नव्हती, पन्नाशीची होती. ती त्याच्यावर चिडली आणि चिडतच मला डोक्यावर घेऊन एसटीत चढली.

कमलाबाई आणि भैयाजी, दोघंच. त्यांची झोपडी तुरीच्या तुराट्यांच्या कुडाची, वरून शेणामातीनं लिंपलेली. कुडाला इतकी भोकं की चिमणीही आत-बाहेर करायची. मी तिथं वीस-बावीस हिवाळे काढले आणि ते चांगले काढले. माझं खाणं होतं पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. आमच्याकडे रीत अशी होती की शेवटचा वेचा झाला, की ज्या बायांनी वर्षभर त्या शेतात कापूस वेचला, त्यांनी पऱ्हाटी उपटून घरी न्यावी. शेतकऱ्याचं शेत साफ व्हायचं, बायांचं सरपण व्हायचं. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

पऱ्हाटी पेटली की धूर सोडते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो. म्हणून कमलाबाई मला अंगणात पेटवायची. धूर सरला, निखारे लाल झाले, की मग आत न्यायची. तिच्या आईनं तिला तेच शिकवलं होतं. धूर गेला की शेगडी घरात. हा नियम लक्षात ठेवा. याच नियमानं घात केला.

पुढे घरकुल आलं. सिमेंटची भिंत, लोखंडी दार, वर स्लॅब. गावात पेढे वाटले. मला मात्र पहिल्याच थंडीत कळलं, की हे घर श्वास घेत नाही. खिडकीला चौकट होती, पल्ले बसवायचे राहूनच गेले. तिथं भैयाजीनं खताचं प्लास्टिकचं पोतं खिळ्यांनी ठोकलं, घट्ट. कारण सिमेंट थंडी पितं. डिसेंबरात त्या भिंतीला पाठ लावली तर थंडी हाडापर्यंत जाते. आणि भैयाजीला दमा. निराधारचे पैसे येतात ते गोळ्यांत जातात. विजेचा हीटर सरकारी माणसाच्या घरी असतो.

यंदा कमलाबाई विळा घेऊन नानाजीच्या शेतात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. नानाजीचं वावर म्हणजे तिनं तीस वर्षं कापूस वेचलेलं वावर.

"काऊन व, काय झालं?" भैयाजीनं विचारलं.

"पऱ्हाटीचा सौदा झाला म्हणते. मशीन येनार हाये. जागीच भुगा करते अन् ट्रॉलीत भरून कारखान्यात नेते."

"भुग्याचं काय करते?"

"भट्टीत जायते. दुसरं काय करन पऱ्हाटीचं?"

भैयाजी हसला, हसता हसता खोकला. मला हसू आलं नाही. पऱ्हाटीनं ऊब द्यायची ती आता दूरच्या कुठल्यातरी बॉयलरला, आणि ज्या हातांनी कापूस वेचला ते हात काखेत.

मग मदत आली. गावात एक टेम्पो आला, बॅनर लागला, म्हाताऱ्यांना ओळीत बसवलं. प्रत्येकाला एक कांबळ, प्रत्येकाचा एक फोटो. कांबळ उन्हात धरलं तर पलीकडचा माणूस दिसायचा. असल्या मदतीबद्दल मी जास्त बोलत नाही, माझं तोंड राखेचं आहे.

अश्वजित मात्र तसा नव्हता. तो ऑटो चालवतो, बुद्धविहारातल्या पोरांचं मंडळ सांभाळतो. त्याला त्या कांबळाची चीड आली. त्यानं मंडळाला गोळा केलं, म्हणाला, म्हाताऱ्यांना ऊब द्यायची तर खरी देऊ. वर्ध्याहून त्यांनी लाकडी कोळसा आणला, हॉटेलवाले तंदूरला वापरतात तो. घरोघरी एकेक पोतं.

"आजी, हा कोयसा. धूर करत नाई. लाल झाला का खुशाल घरात ठेवजा, सकायपर्यंत चालते."

"धूर नाई? मंग तं सोनंच हाये, बाप्पा," कमलाबाई म्हणाली.

मित्रांनो, मला तेव्हा ओरडायचं होतं. शेगडीला तोंड असतं, आवाज नसतो. पऱ्हाटीचा निखारा घटकाभरात राख होतो, म्हणून त्यानं आजवर कोणाला मारलं नाही. कोळसा रात्रभर धुमसतो. धुमसताना एक वायू सोडतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत. माणूस जन्मभर धुराला भ्यायला शिकलेला असतो, आणि हा तर धुरासारखा दिसतही नाही.

त्या दिवशी दिवेलागणीलाच गारठा उतरला होता. कमलाबाईनं मला अंगणात पेटवलं, नियमाप्रमाणे लाल होऊ दिलं, नियमाप्रमाणे आत आणलं. दाराला कडी लावली. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं. मग दोघं माझ्याजवळ हात पसरून बसली. कितीतरी दिवसांनी भैयाजीची बोटं सरळ झाली.

"आता कसं वाटते, अजी?"

"सासरी आलेल्या जावयावानी वाटते," तो म्हणाला. "तिले आता हलवू नको."

मी जळत होते. मला विझता येत नाही. मी एकेक श्वास मोजत होते. थोड्या वेळानं भैयाजी बोलेनासा झाला. कमलाबाईनं कपाळ दाबलं. "डोक्शात घन पडून राह्यले," ती पुटपुटली. तिला वाटलं, गारठ्यानं दुखतंय. म्हणून ती माझ्या अजून जवळ सरकली.

त्या सरकण्याची भीती मी कधीच विसरणार नाही.

साडेसात झाले असतील. शेजारची सून काजल वाटी घेऊन आली. दही लावायला विरजण हवं होतं.

"आजी? ओ आजी, विरजन हाये का?"

आत कमलाबाईनं ऐकलं. उठायला गेली तर पाय तिचे नव्हतेच. ओकारी आली. भैयाजीला हलवलं, त्याची मान नुसती लवंडली.

काजल एकदा परत फिरली. मी तिची पावलं जाताना ऐकली. मग थांबली, कारण या घरातून अशा वेळी खोकल्याचा आवाज येत नाही असं कधी झालं नव्हतं. ती खिडकीकडे आली, पोत्यावर थापा मारल्या, कान लावला, तर आत कमलाबाई ओकताना ऐकू आली. आणि विरजणाची वाटी टाकून तिनं दोन्ही हातांनी ते पोतं टराटरा फाडलं. खिळ्यानं तळवा चिरला तरी फाडलं.

"आजी, कडी काढा! रांगत या, पन कडी काढा!"

कमलाबाई रांगत गेली. तिसऱ्या प्रयत्नात कडी निघाली.

अश्वजितच्याच ऑटोत भैयाजीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू भिनलाय, आणि ऑक्सिजन लावला. चौथ्या दिवशी तो घरी आला. जगला, पण चहाची बशी आता त्याच्या हातात थरथरते.

बाकी घरांतली कोळशाची पोती अश्वजितनं त्याच रात्री परत उचलली होती. आता तो दाराशी येऊन उभा राहिला. आत येईना.

"आजी, मी मारत होतो तुमाले."

"तुले मालूम होतं का?"

"नाई."

"मंग रडू नको. पन एक सांग, पोतं आनाच्या पयले मले काऊन नाई इचारलं? म्या सांगतलं असतं, मले पऱ्हाटी पाह्यजे. सारे देते अन् जाते. इचारत कोनीच नाई."

दुसऱ्या दिवशी नानाजीच्या शेतात मशीन आलं. कमलाबाई जाऊन उभ्या पऱ्हाटीत बसली. मंडळाची पोरं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभी राहिली.

"वयनी, उठा. तमाशा नका करू," नानाजी म्हणाला.

"तमाशा नाई. मी हिव घालवून राह्यली. तीस वर्षं इथंच वाकली, आता बसून पाह्यतो."

मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. नानाजीनं बराच वेळ चपलेनं ढेकूळ फोडलं. शेवटी म्हणाला, धुऱ्याकडची आठ तासं सोडा. आठ तासं म्हणजे आठ ओळी. मग पोरं बाकीच्या म्हाताऱ्यांसाठी एकेका शेतकऱ्याकडे गेली. बहुतेकांनी ओळी सोडल्या. दोघांनी सोडल्या नाहीत. कांबळं वाटणाऱ्यांच्या फोटोत तेच दोघं सगळ्यांत पुढे होते.

आता रोज सांजेला मी अंगणात पेटते. पाच-सहा म्हातारी माणसं भोवती बसतात. भैयाजी थोडा लांब बसतो, माझ्याकडे पाठ करून. त्याला माझी भीती वाटते. काल तो घरात हुडहुडत होता तेव्हा कमलाबाई मला आत न्यायला वाकली. तर म्हणाला, "नाई, तिले बाहीरच राहू दे. मीच येतो." आणि धुक्यात येऊन बसला.

मित्रांनो, आठ ओळींचा ढीग आता गुडघ्याइतका उरलाय, आणि जानेवारी अजून अर्धासुद्धा संपलेला नाही. मला पुन्हा भीती वाटायला लागली आहे. तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेलच. तिथं कांबळ घेऊन धावू नका. आधी जा आणि विचारा: आजी, रात्री काय जाळता? सरपण किती दिवस पुरेल? खिडकी उघडते का? आणि उत्तर मिळेपर्यंत त्या दारातून हलू नका.