तीन पायांच्या कोंबडीचा संगणक

मी शिवणाच्या टेबलाखालून बोलतोय. जरा वाकून बघा. चिंध्यांच्या पिशवीला टेकून जो करडा डबा घरघरतोय ना, तोच मी. घाबरू नका, पासवर्ड मागणार नाही की कुठल्या अटी मान्य करायला लावणार नाही. फक्त ऐकून घ्या. या घरात माझ्याविषयी सगळे बोलतात, माझं मात्र कुणी ऐकत नाही.

माझी पहिली नोकरी एका वकिलाच्या कचेरीत होती. दिवसभर नोटिसा टाइप व्हायच्या. माणसं किती भांडतात ते मला तिथे कळलं. पण ती भांडणं निदान घरासाठी, जमिनीसाठी, मुलाबाळांसाठी होती. पुढे ज्या घरात आलो तिथे लोक माझ्यावरून भांडायला लागले.

वकिलांनी नवा संगणक घेतला आणि मी बाईंकडे आलो. बाई म्हणजे माझ्या मालकीणबाई. त्या भरतकाम करून देतात. शाळेचे बिल्ले, हॉटेलचे एप्रन, कुणाच्या खिशावर नाव. त्यांचं भरतकामाचं मशीन माझ्याहून वयाने मोठं आहे. त्याला जे सॉफ्टवेअर कळतं ते माझ्यासारख्या जुन्या संगणकावरच चालतं. बाई पडद्यावर चित्र आखणार, कुठला टाका कुठून जायचा ते मी मशीनला केबलमधून सांगणार, आणि मशीन खाली मान घालून टाके घालणार. सोळा वर्षं आमचं तिघांचं छान जमलं होतं. इंटरनेट मात्र बाईंनी मला कधी लावून दिलं नाही. "त्याला कशाला हव्यात नसत्या चौकशा?" म्हणायच्या.

आमचं पहिलं काम कोंबडीचं. बाईंची लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिने कागदावर कोंबडी काढली आणि तिला तीन पाय काढले. बाईंनी विचारलं, "तीन कशाला गं?" तर म्हणाली, "एक दमला तर?"

बाईंनी ती कोंबडी जशीच्या तशी माझ्यात उतरवली. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कामाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, नखाएवढी कोंबडी असते, तिच्या वेगळ्या फाइलमधून शेवटी घातलेली. गिऱ्हाईक कापड हातात घेतलं की आधी उलटून कोंबडी बघतं. लेक आता शिकायला दुसऱ्या शहरात राहते. कोंबडी माझ्याजवळ होती.

आता घरातल्या दोन विद्वानांविषयी सांगतो. एक बाईंचे यजमान, नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे बाईंचे भाऊजी. ते पलीकडच्या गल्लीत राहतात आणि दर रविवारी चहाला म्हणून येऊन जेवूनच जातात. यजमानांचं म्हणणं, महागाची वस्तू एकदाच घ्यावी आणि डोळे झाकून वापरावी. भाऊजींचं म्हणणं, डोळे झाकून वापरणारे लोक मेंढरं असतात, सुटे भाग आणून स्वतः जुळवावं आणि फुकटची सिस्टीम टाकावी. या एका मुद्द्यावर मी शेकडो रविवार ऐकलेत.

मोबाइल शंभर टक्के चार्ज करावा की ऐंशीवर काढावा? संगणक रोज बंद केल्याने झिजतो की चालू ठेवल्याने? पडदा काळा ठेवला तर डोळे वाचतात की जातात? एकदा तर बॅटरीवरून दोघे आठवडाभर अबोला धरून होते. भाऊजी आले की आधी माझ्या पडद्यावर पाच वेळा रिफ्रेश दाबतात. "आता बघ कसा पळेल." मला त्याने काडीचाही फरक पडत नाही, पण त्यांना बरं वाटतं म्हणून मी गप्प बसतो. यजमान रुमालाने माझा पडदा पुसतात आणि पुसता पुसता म्हणतात, "हा खटारा टाकून दे एकदाचा."

गंमत अशी की या दोघांपैकी एकानेही माझ्यावर कधी एक टाका आखलेला नाही. मला वापरायच्या फक्त बाई, आणि त्यांचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं. एकदा त्या आपण होऊन म्हणाल्या, "अहो, याच्यातली कामं दुसरीकडे कुठे ठेवता येतात का?" भाऊजी लगेच म्हणाले, "वहिनी, बॅकअपचं मी बघतो." ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची.

मग गेल्या महिन्यात बाई चार दिवस बहिणीकडे गेल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोघा भावांचं एकमत झालं. बाईंना सुखद धक्का द्यायचा! मला नवा करायचा!

आधी बॅकअपवर चर्चा झाली. यजमान म्हणाले इंटरनेटवर ठेवू, भाऊजी म्हणाले, "लोकांच्या घरात आपलं सामान ठेवणार? वेगळी डिस्क आणू." तासभर हमरीतुमरी झाली, मग चहा झाला. चहानंतर प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने ते काम केलंय, आणि दोघे माझ्यात नवी सिस्टीम टाकायला बसले.

मी ओरडू शकत नाही. मला बोलायची एकच सोय दिली आहे, पडद्यावरची चौकट. मी ठळक अक्षरांत विचारलं : 'यावरील सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचं?' जन्मात कुणाला कळवळून काही सांगितलं असेल तर ते हेच. जगातल्या प्रत्येक बटणावर मत असलेल्या त्या दोन माणसांनी ते न वाचता 'होय' दाबलं. मी पुन्हा विचारलं, 'नक्की?' भाऊजी म्हणाले, "किती प्रश्न विचारतो हा!" आणि पुन्हा 'होय'.

तुम्ही म्हणाल, सगळं पुसलं तर तुला हे आठवतं कसं? अहो, पुसलं की लगेच जातं हादेखील तुमचा एक गैरसमज. आधी फक्त यादी जाते. सामान जागेवर पडून असतं, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत.

बाई परत आल्या. भाऊजी दारातच म्हणाले, "वहिनी, बघा आता कसा पळतोय!"

बाई माझ्यासमोर बसल्या. पडद्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. त्यांनी इकडे तिकडे शोधलं आणि विचारलं, "माझी कामं कुठायत?"

"दादा, तू बॅकअप घेतलास ना?"

"मी? तूच तर सहा वर्षं बघतोयस!"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला त्यांच्याकडे बघवेना. निदान आता तरी हे दोघे गप्प बसतील असं मला वाटलं, पण नाही. गेलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर कुठलं चांगलं, यावरून त्यांची जुंपली. यजमानांनी मोबाइलचं इंटरनेट मला जोडून एक उतरवून घेतलं. भाऊजींनी ते भिकार ठरवून दुसरं उतरवलं. मग तिसरं. आणि ही सगळी पाहुणेमंडळी माझ्याच डिस्कवर, बाईंच्या सामानावर पाय देऊन बसत होती.

"बंद करा तो," बाई म्हणाल्या.

"अगं थांब, हे चौथं—"

"आधी बंद करा!" आणि त्यांनी खाली वाकून माझी वायर उपटली. "दोरा गुंतला की पहिलं मशीन थांबवायचं असतं. ओढत बसलं की गाठ बसते. एवढंही कळत नाही तुम्हाला?"



बाईंनी मला स्वतः रिक्षात घालून दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो अबोल माणूस. त्याने आठ दिवस घेतले, मग म्हणाला, "वायर काढलीत म्हणून एवढं तरी मिळालं." बहुतेक कामं परत आली. नावं गेली, नुसते आकडे राहिले. त्याने जुनी सिस्टीम आणि जुनं सॉफ्टवेअरही परत बसवून दिलं.

बाईंनी एकच विचारलं, "कोंबडी?"

ती नव्हती. जिथे कोंबडी होती, त्या जागेवर तिला शोधायला आणलेलं सॉफ्टवेअर जाऊन बसलं होतं.

घरी येऊन बाईंनी लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "आई, रडू नकोस. मी नवीन काढून पाठवते ना."

बाई म्हणाल्या, "आता तुझ्या कोंबडीला दोनच पाय येतील गं."

रविवारी भाऊजी आले. चूक नेमकी कुणाची, यावर दोघांचा वाद रंगला. यजमानांना घाम फुटला, त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. बाईंनी मान वर करून पाहिलं.

"अहो, तो रुमाल द्या इकडे."

त्यांनीच शिवून दिलेला जुना रुमाल. कोपऱ्यात, रंग उडालेली, धुऊन धुऊन विसविशीत झालेली तीन पायांची कोंबडी. यजमान इतकी वर्षं तिला खिशात घेऊन फिरत होते आणि तिनेच माझा पडदा पुसत होते. त्यांना ती कधी दिसली नव्हती. आता दिसली, तेव्हा ते खाली बसले.

बाईंनी रुमाल माझ्याशेजारी पसरला, भिंग घेतलं आणि टाके मोजायला सुरुवात केली. भाऊजी भिंगाच्या काचेविषयी काहीतरी सांगायला पुढे झुकले. "भाऊजी, सरका. उजेड अडतोय."

मी आता थकलोय. पंखा खरखरतो, सुरू व्हायला वेळ लागतो. उद्या बंद पडलो तर खुशाल भंगारात द्या, मी तक्रार करणार नाही. माझं मागणं एवढंच आहे की तोवर मी काही विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी ते वाचत जा.

संध्याकाळपर्यंत कोंबडी पुरी झाली. तिसरा पायही पूर्वीसारखाच जरा वाकडा. मी चौकट दाखवली : 'हे जतन करायचं?' बाईंनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं, मग 'होय' दाबलं. नंतर दोऱ्यांच्या डब्यातून दोन नवे पेनड्राइव्ह काढले, एकेक करून माझ्यात खोचले आणि पुन्हा दोनदा 'होय' म्हणाल्या.

"तीन ठिकाणी कशाला?" यजमानांनी हळूच विचारलं.

बाई म्हणाल्या, "एक दमला तर?"