विहिरी मोजणारा माणूस

हेराला कसं मारायचं, यावर पुंजाजीच्या हॉटेलात चार दिवस चर्चा चालू होती. बातम्यांत दूरच्या एका राज्यात हेरगिरीच्या संशयावरून तिघांना धरलं होतं. एक व्हिडिओ करणारा, एक सिमकार्डं विकणारा आणि एक साधा वेल्डर. प्रकरण अजून कोर्टातही उभं राहिलं नव्हतं, पण हॉटेलात निकाल लागला होता. कडूबा म्हणत होता, उलटं टांगून मिरच्यांची धुरी द्यावी. पुंजाजीनं कढईत झारा फिरवत बोटं एकेक करून तोडायला सांगितलं.

"वेल्डर म्हणे! अशेच असते ते. साधे दिसते."

"आपल्या इकडंबी असन एखादा."

"हाव, तूच हायेस ना बे. बायकोचा मोबाइल चोरून पाह्यते."

ओट्यावर हशा पिकला.

केसरबाई रोज तिथं दूध घालायला यायची आणि कॅन रिकामा होईस्तोवर पायरीवर बसायची. साठी उलटलेल्या विधवेला त्या ओट्यावर कोणी काही विचारत नसे. पाचव्या दिवशी पुंजाजीनं विचारलं, "काकू, तुमच्या विहिरीवर तो एक येते ना, गाडीवर? काय करते तो?"

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. तिला ते आवडलं.

"मोजते. पट्टी सोडते विहिरीत, ते बीप वाजते, मंग वहीत लिहिते. कठड्यावर लाल आकडे काढून ठेवले त्यानं." सगळे अजून ऐकत होते, म्हणून ती पुढं बोलली. "अकरा वर्सं झाले. पण माह्या घरच्या पाण्याले तोंड नाही लावलं कधी."

"काऊन?"

"मले काय मालूम?"

तिला माहीत होतं. संघपाल भूजल खात्यातला माणूस, चिखलीचा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असा वर्षातून चारदा पाण्याची पातळी मोजायला यायचा. पहिल्या वर्षी उन्हातून आल्यावर त्यानं पाणी मागितलं. तिनं आधी नाव विचारलं, मग गोठ्याच्या कोनाड्यातला दांडी तुटलेला कप धुऊन त्यात पाणी दिलं. त्यानं कपाकडे पाहिलं, तो भरलेला तसाच कठड्यावर ठेवला आणि मोजणी करून निघून गेला. तेव्हापासून त्याच्या गाडीला स्वतःची बाटली असायची.

मे महिना होता. तिसऱ्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास केसरबाईचा मुलगा गोपाळ ताटावरून उठला. फोनवर पुंजाजी होता. "आला बे तुमचा हेर!" हा आवाज तिलाही ऐकू आला. गोपाळनं कोपऱ्यातली पराणी उचलली. बैलं हाकायच्या त्या काठीच्या टोकाला लोखंडी अणकुचीदार आर होती.

ती मागं धावली. वावर अर्धा कोस. ती पोचली तेव्हा चौदा जण विहिरीभोवती होते आणि संघपाल गुडघ्यांवर होता. तिच्यादेखत गोपाळनं दगड उचलला आणि हातभरावरून त्याच्या तोंडावर मारला. दात तुटल्याचा आवाज कोरडा होता, वाळकी तुरकाठी मोडावी तसा. मग बाकीच्यांचे हात सुटले. कडूबानं ठिबकच्या नळीनं पाठ फोडली. कोणी तरी त्याचा उजवा हात कठड्यावर आडवा धरला आणि दुसऱ्यानं त्यावर टाच मारली. हाड मोडलं, पंजा उलट्या बाजूला लोंबला.

पट्टीचं टोक पाण्यात तसंच राहिलं होतं. वर कोणी ओढेना, म्हणून रीळ कठड्यावर एकसारखं बीप बीप करत होतं.

"सिग्नल जाऊन राह्यला! बंद करा ते!"

कडूबानं रिळावर धोंडा घातला. तोवर एकानं पिशवीतला नकाशा काढला होता. त्यावर तालुक्यातल्या निवडक विहिरींना लाल टिंबं होती.

"इहिरी! अबे, पाण्यात जहर टाकाचं हाये यायले!"

"नाव सांग."

"संघपाल," तो म्हणाला. रक्ताच्या लाळेत शब्द नीट फुटत नव्हता. "ओळखपत्र... खिशात..."

"खरं नाव सांग. हिंदुस्थानचा हायेस तं आमच्या घरचं पाणी काऊन पेत नाही?" गोपाळनं पराणीची आर त्याच्या डाव्या डोळ्याखाली टेकवली. "माह्या मायनंच सांगतलं सगळं."

संघपालनं केसरबाईकडं पाहिलं. आता तो सांगेल, असं तिला वाटलं. "तहान नव्हती," तो म्हणाला.

आर आत गेली. त्याच्या ओरडण्यानं कडुलिंबावरचे कावळे उडाले.

"म्या कपात देल्लं पाणी!" केसरबाई किंचाळली. "गोठ्यातल्या फुटक्या कपात! त्याची जात पुसून देल्लं! म्हून नाही पेला तो!"

क्षणभर हात थांबले. पण गोपाळचा चेहरा लाजेनं तापला आणि त्यानं दोन्ही हातांनी पराणी डोक्याच्या वर नेली. केसरबाई संघपालच्या अंगावर पालथी पडली. वार तिच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं ते तिला आतून ऐकू आलं. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या एकानं तो खाली केला. मग कोणी तरी पळालं, आणि त्याच्यामागं बाकीचे.

संघपालला अकोल्याला हलवलं. जीव वाचला, डावा डोळा गेला. केसरबाईला बुलडाण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला तो व्हिडिओ दाखवला. तासाभरात नांदुऱ्यापर्यंत पोचला होता. खाली कोणी लिहिलं होतं, म्हातारी पण सामील आहे, तिच्या खात्यात पैसे येतात, चौकशी करा.

"तुमीच ना या?" बाईनं विचारलं आणि खाट जरा पलीकडं सरकवली.

दुपारी जमादार जबाब घ्यायला आला. मागोमाग गोपाळ डबा घेऊन आला आणि दाराशी थांबला.

"गाव म्हणते, बाहेरचे लोक होते," जमादार म्हणाला. "अनोळखी जमाव. तसंच लिहितो, बाई. तुमाले बी तिथंच राहाचं हाये."

"गावचेच होते. चौदा. लिहा, गोपाळ पंजाबराव. दगड त्यानंच मारला, डोळ्यात आर त्यानंच घातली."

जमादाराचा पेन थांबला. "पोरगा ना तुमचा?"

"आई..." दारातून आवाज आला.

ती तिकडं वळली नाही. मान वळतच नव्हती. दुसरं नाव तिनं कडूबाचं सांगितलं. हाडामुळं श्वास पुरत नव्हता, म्हणून ती दर नावानंतर थांबत होती. पाचव्या नावाला डबा फरशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं जिन्याकडं गेली. जमादारानं दाराबाहेरच्या शिपायाला हाक मारून गोपाळच्या मागं धाडलं. पावलांचे आवाज जिन्याखाली विरले. मग तिनं सहावं नाव सांगितलं.