थोरल्याचा कान

"तुमच्या भावाच्या टेबलातून भुसा येतोय," वाचनालयाच्या ग्रंथपालबाई फोनवर म्हणाल्या.

"कसा आहे? पिठासारखा बारीक की चावून टाकल्यासारखा?"

"ते मला काय कळतंय! आणि पेपरवर एक किडा बसलाय. मिशा बघा, अंगापेक्षा लांब! तुमच्या भावाला जरा पाठवा."

मी फोन ठेवला. समोर धाकटा रंधा मारत होता. बाबांचा रंधा. मान वर न करता त्यानं विचारलं, "कोण होतं, दादा?"

"वाचनालय. चल."

अकरा वर्षं मी या फोनची वाट बघत होतो. खोटं कशाला बोलू?

आमच्या वर्कशॉपमधली वाटणी बाबांनीच करून ठेवली होती. 'थोरल्याला कान आहे आणि धाकट्याला हात,' असं ते येईल त्याला सांगायचे. म्हणजे लाकूड मी निवडायचं आणि वस्तू त्यानं करायची. बाबांना वाटलं, दोघांना सारखंच दिलं. सारखं कसलं, डोंबल! हात सगळ्या जगाला दिसतो. कान कुणाला दिसतो? लोक यायचे, कपाटावरून बोटं फिरवायचे आणि 'काय हात आहे हो तुमच्या भावाचा' हे मलाच ऐकवायचे. वर चहा माझ्या बायकोच्या हातचा पिऊन जायचे.

कान म्हणजे काय, तेही सांगतो. लांब मिशांचा एक भुंगा असतो, आम्ही त्याला मिशाळ म्हणतो. आजारी पडलेलं किंवा वठत चाललेलं झाड त्याच्या मादीला बरोबर कळतं. ती सालीच्या भेगेत अंडी घालते. अळी निघते ती सुईच्या टोकाएवढी. आधी सालीखाली शिरते, मग लाकडात. तुम्ही झाड कापा, फळ्या पाडा, वाळवा, तिला त्याचं काही नाही. ती आत अंधारात खात राहते. ओल्या लाकडात दोन-तीन वर्षांत तिचं भागतं, पण कोरड्या लाकडात कस नसतो, तिथे दहा दहा वर्षंही लागतात. बाहेरून फळी अगदी गुळगुळीत दिसते. कळायचा एकच उपाय: यंत्रं बंद करायची, गुडघ्यावर बसायचं, फळीला कान लावायचा आणि श्वास धरायचा. आत कुणीतरी वाळका टोस्ट चावत बसलंय, असा आवाज येतो. मला तो दहाव्या वर्षापासून येतो. धाकट्याला कधीच आला नाही. लहानपणी तो नुसताच कान लावून बसायचा आणि मग माझ्या तोंडाकडे बघायचा.

बाबा गेले तेव्हा त्यांचा रंधा त्यांनी धाकट्याला ठेवला. हाताला हत्यार लागतं ना! कानाला कुठलं हत्यार? मला काही ठेवलं नव्हतं. मी तो मागितला नाही, पण जळायला लागलो तो लागलोच.

त्यानंतर आठच दिवसांनी वाचनालयाच्या मोठ्या टेबलाची फळी आली. मी यंत्रं बंद केली, कान लावला. कर्र. जरा वेळानं पुन्हा, कर्र. अगदी स्पष्ट.

मी उठलो आणि गुडघे झटकले. "घे," म्हटलं.

धाकट्यानं घेतली. मी 'घे' म्हटलं की तो दुसरं काही विचारायचाच नाही.

टेबल सुरेख झालं, ते मी नाकारत नाही. लोक ते बघायला यायचे. मी दर रविवारी तिथे पेपर वाचायला जाऊन बसायचो. 'भावाचं किती कौतुक आहे यांना!' असं ग्रंथपालबाई म्हणायच्या. पेपरावर डोकं टेकलं की त्यांना वाटायचं, मला डुलकी लागली. मी ऐकत असायचो. चार वर्षं आवाज येत होता, मग थांबला. मेली, म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं आणि थोडी चुटपुटही लागली, तीही मी नाकारत नाही. तरी रविवारी कान लावायचं काही सोडलं नाही.

आणि आज ती बाहेर आली होती, भुंगा होऊन.

वाचनालयात टेबलाच्या बरोबर मधोमध लंबगोल भोक पडलं होतं, पेन्सिल सहज जाईल एवढं. वाचनालयाचे अध्यक्ष त्यात बोट घालून उभे होते.

"नव्या इमारतीचं सगळं फर्निचर तुम्हालाच द्यायचं आम्ही ठरवलं होतं," ते धाकट्याला म्हणाले. "आता समितीला मी काय सांगू? किडकं लाकूड लावलंत?"

धाकट्याचं तोंड उतरलं. हेच बघायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. मी नीट बघितलं.

"लाकूड किडकं नव्हतं, साहेब," तो म्हणाला. "दादानं पास केलेलं लाकूड किडकं निघत नाही. चूक माझी आहे. फळी कापून मी तशीच उघडी ठेवली आणि पॉलिशला उशीर केला. तेवढ्यात एखाद्या मादीनं भेगेत अंडी घातली असणार. काम हवं तर दुसऱ्याला द्या. पण दादाच्या कानाला नाव ठेवू नका. असा कान दुसऱ्या कुणाला नाही."

हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकावं म्हणून मी जन्मभर तळमळलो होतो. बोलला कोण, तर हा!

भुंगा अजून पेपरवरच होता. मी त्याला चिमटीत धरलं तशी त्यानं मान घासून चीं चीं केलं. एवढी वर्षं आत काढायची आणि बाहेर आल्यावर जगायचं किती, तर महिनाभर. मी खिडकीशी जाऊन त्याला सोडून दिलं. पाठ वळलेली होती, म्हणूनच मला बोलता आलं असेल.

"मी ऐकलं होतं."

"काय?" धाकटा म्हणाला.

"आवाज. फळी आली त्या दिवशी. आत अळी होती. मी ऐकलं, आणि घे म्हटलं."

अध्यक्षांनी भोकातलं बोट काढलं. ग्रंथपालबाई पेपराच्या घड्या घालायला लागल्या.

"चुकून म्हणालास," धाकटा म्हणाला. मला वाट करून देत होता, गाढव!

"नाही. बाबांनी रंधा तुला ठेवला होता म्हणून."

तो भोकावर वाकला. मग कानावरची पेन्सिल काढून भोकाभोवती चौकोन आखू लागला, ठिगळ किती मोठं लागेल ते बघायला.

"मागितला असतास तर दिला असता, दादा," तो म्हणाला. चौकोनाची एक रेघ वाकडी गेली. त्याची रेघ वाकडी गेलेली मी तेवढीच एकदा पाहिली.

अध्यक्षांनी नव्या इमारतीचं काम काढून घेतलं नाही. टेबलाला त्यानं असं ठिगळ बसवलं की तुम्हाला शोधून सापडणार नाही. घरी कुणाला तो काही बोलला नाही. माझ्या बायकोला अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा रंधा माझ्या जागेवर ठेवलेला होता, पातं धार लावून. मी तो अजून वापरलेला नाही. मला रंधा मारता येतो कुठे!

परवा नव्या कामाच्या फळ्या आल्या. सवयीनं मी पुढे झालो. पण धाकटा आधीच गुडघ्यावर बसला होता. एकेका फळीला तो स्वतःच कान लावत होता, डोळे मिटून, लहानपणी लावायचा तसा. त्याला काही ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. कान लावून झाल्यावर तो लहानपणी माझ्या तोंडाकडे बघायचा. परवा एकदाही बघितलं नाही.

करवत चालू होती. मी जाऊन ती बंद केली आणि श्वास धरून उभा राहिलो.