रथसप्तमीपर्यंत चाळीस काडतुसं

नेम चुकला की शामलाताई भोयर बंदुकीला दोष देत नसत, वाऱ्यालाही नाही. त्या थेट नवऱ्याला दोष देत. मधुकररावांचं नागपुरात, गांधीबागेत लुगड्या-खणांचं दुकान. बिचारा माणूस गादीवर बसून गिऱ्हाइकापुढं खण उलगडत असायचा आणि तिकडं तेलंगखेडीच्या पलीकडं, टेकडीच्या पायथ्याशी, रायफल क्लबात बाईंची गोळी काळ्या गोलाबाहेर गेली की खापर याच्या डोक्यावर! "रातभर घोरून राहिले होते, माही झोपच झाली नाही. मंग हात हालन नाही तं काय?" मधुकरराव यावर मान डोलावत. जिच्या हातात पॉइंट टू-टू रायफल आहे तिच्याशी वाद घालू नये, एवढा शहाणपणा कापडवाल्याजवळ असतोच.

पण बाहत्तर सालच्या जानेवारीत नवऱ्यालाही बोल लावता येईना. चुकायला आधी गोळी तर पाहिजे! डिसेंबरातली लढाई नुकतीच जिंकलेली, गावभर पेढे वाटून झालेले, आणि काडतुसं मात्र औषधालाही मिळेनात. विलायती माल येणं बंद, देशी कारखान्यांना जवानांच्या कामातून सवड नाही. क्लबाचे सेक्रेटरी गोपाळराव म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी हात वर केले.

"कारखाना सरहद्दीचं काम करून राहिला, ताई. तुमच्या चांदमारीसाठी कोन बसलं हाय तिथं?"

काडतूस घरी न्यायचं नाही, हा क्लबाचा नियम. ज्याच्या त्याच्या वाट्याची काडतुसं ज्याच्या त्याच्या डब्यात, आणि डबे गोपाळरावांच्या लोखंडी कपाटात. शामलाताईंचा डालड्याचा डबा, त्यांच्यासोबत नेमबाजीला येणाऱ्या प्रेमिलेचा पावडरचा आणि उत्तराचा बिस्किटांचा. एकेकाळी हे डबे उचलले की मनगट दुखायचं. आता नुसते खुळखुळत होते. गोपाळरावांना चुकवून तिघीही एकमेकींचे डबे हळूच हलवून बघत आणि आवाजावरून अंदाज बांधत. रेशनच्या दिवसांत शेजारणीच्या साखरेचा डबा जसा बघतात, तसंच.

अशातच पुण्याहून राज्य स्पर्धेचा निरोप आला. प्रत्येक क्लबानं एकच बाई पाठवावी. तिनं आपल्या क्लबात, सेक्रेटरीच्या डोळ्यांदेखत, एका बैठकीत चाळीस गोळ्या झाडाव्या आणि ते गुण रथसप्तमीपर्यंत कळवावे. चाळीस! इथं एकीकडंही वीस नव्हती.

शामलाताईंचा जीव मात्र त्या पुण्यात अडकला. पाच वर्षं त्या नेम धरत होत्या आणि नागपूरच्या वेशीबाहेर त्यांची गोळी कधी वाजली नव्हती. वय चाळिशीला टेकलेलं, डोळ्यांसमोर आताशा रायफलीची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, किंचित पुसट दिसायची. चष्मा लागायच्या आत एकदा, फक्त एकदा, नागपूरचं नाव लावून परक्या मैदानात नेम धरायचा होता. एवढी हौस त्यांनी लग्नात शालूचीही केली नव्हती.

तशी क्लबात चौथीही एक बाई होती. बायजाबाई. महाल भागातल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. बासष्टच्या लढाईच्या वेळी शाळा-मास्तरणींना बंदूक शिकवली, तेव्हापासून हातातली सोडली नाही. मालक वारले त्यालाही दहा वर्षं झाली होती. त्यांनी आपल्या वाट्याची काडतुसं शाळेतल्या पोट्ट्यांना शिकवण्यात उडवून टाकली होती. आता डब्यात मोजून तीन. म्हणून त्या रोज संध्याकाळी यायच्या, वापरलेलं रिकामं टरफल बंदुकीत घालायच्या, हात हलला की पडावं म्हणून नळीवर पाच पैशांचं नाणं ठेवायच्या आणि गोळीशिवायच घोडा दाबायच्या. खट्. खट्. खट्. प्रेमिला हसायची, "बाई, पेरनी कराले निंघाल्या अन् बी घरीच राह्यलं!" त्यावर बायजाबाई म्हणायच्या, "हात तं चालू राहिला पायजे नं वं."

शामलाताईंनी आधी सरळ मागून पाहिलं. प्रेमिलेला म्हणाल्या, "तुह्या डब्यातले दे नं मले. तुले त्येवढ्यात काय होते?" प्रेमिला म्हणाली, "तुलेई तुह्या डब्यात काय होते? तूच दे मले." उत्तरा नुकती लग्न होऊन आलेली, स्वभावानं गरीब, पण तीही म्हणाली, "ताई, मलेबी पुन्याले जावं वाटते." झालं! त्या दिवसापासून तिघींनी डब्यांवर आपापल्या नावाच्या चिकटपट्ट्या लावल्या.

घरी येऊन शामलाताईंनी भांडी आपटली. त्यांची सासू रंभाबाई शेंगा सोलत बसली होती. म्हातारी जुन्या वळणाची, पण डोकं कसं तल्लख!

"मांगून कोनी देते का वं? आता संक्रांत येऊन राहिली. वान लुट. तू एक देशीन तं समोरची दोन देईन. बायांचं असंच राहते."

शामलाताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच की! वाण कोणी नाकारत नाही, आणि घेतलेलं वाण फेडल्याशिवाय बाईला घास गोड लागत नाही. फेडताना तिच्यापेक्षा थोडं जास्तच द्यायचं, नाहीतर बायका काय म्हणतील?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी क्लबाच्या ओसरीवर सतरंजी पडली. उत्तराची पहिली संक्रांत, म्हणून ती काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून आली. तशीच आडवी पडून एक नेम धरते म्हणाली, तर मुंग्यांची रांग बाजूबंदापासून थेट रायफलीवर. गोपाळराव कपाळाला हात लावून बसले. "हे शस्त्रागार हाय का हळदीकुंकवाचा मांडव?" तरी नियमाप्रमाणं डबे त्यांनीच उघडले. शामलाताईंनी हळद लावली, कुंकू लावलं, तिळगुळासोबत दोघींच्या हातावर दोन-दोन काडतुसं ठेवली. प्रेमिला आधी बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. ती गालात हसली आणि काडतुसं आपल्या पावडरच्या डब्यात टाकून आली.

बायजाबाई ओसरीवर नव्हत्या. हळदीचा करंडा दिसताच त्या उठल्या आणि तिकडं टार्गेटच्या फळ्या ठोकायला निघून गेल्या. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं, आणि बसा असंही कोणी म्हटलं नव्हतं. रीतच तशी. शामलाताईंनी मागाहून तिळगूळ नेऊन दिला. "गोड बोला, बाई." बायजाबाईंनी तो तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गोडच बोलून राहिली वं मी. खिळा दे तो." शामलाताईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण खिळा देऊन त्या परत आल्या.

मग सुरू झाली वाणांची चढाओढ. प्रेमिलेनं तीन-तीन दिली. उत्तराला वाटलं, आपली पहिली संक्रांत, आपण काय कमी? तिनं चार-चार. शामलाताई खूश! डबा जड झाला. पण आता चारांची फेड चारांत कशी करायची? त्यांना पुन्हा बोलवावं लागलं आणि पाच-पाच द्यावी लागली. मग प्रेमिलेनं पुन्हा, मग उत्तरानं पुन्हा. काडतुसं या डब्यातून त्या डब्यात अशी फिरली की त्यांचं पितळ चकाकायला लागलं. आठवडाभर हळदीकुंकू झालं, तिळाच्या वड्या संपल्या, गोपाळरावांना डबे उघडून उघडून खांदेदुखी जडली, आणि शेवटी बघावं तर काय? जिचं जेवढं होतं, तेवढंच तिच्या डब्यात. फिरून फिरून भोपळे चौकात! आणि या आठ दिवसांत एका बाईनंही एकही गोळी झाडली नव्हती.

रथसप्तमी उजाडली. रविवार होता. रंभाबाई सुनेचं हे बंदुकीचं हळदीकुंकू बघायला स्वतः रिक्षात बसून आली. ती स्वतः विधवा, म्हणून ओसरीच्या खालच्या पायरीवर बसली.

गोपाळराव म्हणाले, "एका डब्यात चाळीस दाखवा, नाही तं मी कळवून टाकतो, नागपूरकडून कोनी नाही. दुपारच्या तारेनं."

कोणीच नाही? हे ऐकून तिघीही हबकल्या. शेवटी उत्तरा उठली. हलव्याच्या मंगळसूत्राचे दोन-चार दाणे एव्हाना मुंग्यांनी नेले होते.

"शामलाताई, तुमी मोठ्या हा. बसा पाटावर. मी तुमची ओटी भरते."

प्रेमिलेनं नाक मुरडलं, सुस्कारा टाकला, आणि तीही आपला डबा घेऊन आली. "घे वं बाई, घे. जिंकून आली नाही तं घरात घेनार नाही मी तुले."

शामलाताई पाटावर बसल्या. पदर पसरला. उत्तरानं मधुकररावांच्याच दुकानातला हिरवा खण पदरात ठेवला, नारळ ठेवला आणि वर ओंजळीनं काडतुसं ओतली. प्रेमिलेनं ओतली. शामलाताईंनी आपलीही त्यात घातली. गोपाळरावांनी मोजली. बरोबर चाळीस! शामलाताईंना एवढा आनंद झाला की डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुणं! अखेर पुणं! त्यांना तर आगगाडीची शिट्टीसुद्धा ऐकू आली.

आणि तिकडून आवाज आला. खट्.

बायजाबाई नेहमीच्या जागी आडव्या पडलेल्या. इकडं काय चाललंय, त्याकडं त्यांची पाठ. खट्. नळीवरचं नाणं जागचं हललं नाही. पुन्हा खट्. पुन्हा नाही. शामलाताई बघत राहिल्या. तो पाच पैशांचा खेळ त्यांनीही घरी लाटण्यावर करून पाहिला होता. नाणं दर वेळी उडून थेट ओट्याखाली जायचं, आणि त्याचाही दोष त्यांनी मधुकररावांना दिला होता. आता मनातल्या मनात त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नागपूरचं नाव लावून कोणी जायचं, हे गेले कित्येक दिवस ती बाई रोज संध्याकाळी सांगत होती. यांना ऐकू येत नव्हतं. आणि ज्या सतरंजीवर ही काडतुसं वाटली, तिच्यावर त्या बाईला जागाच नव्हती.

फार वाईट वाटलं त्यांना. पुणं हातचं जाणार म्हणूनही वाटलं, खोटं काहून बोला? पण त्या उठल्या. खण-नारळ पाटावर काढून ठेवला आणि काडतुसांनी भरला पदर दोन्ही हातांनी धरून तशाच बायजाबाईंपाशी गेल्या.

"बाई, उठून बसा. पदर पसरा."

बायजाबाईंनी वळून पाहिलं. "काय करून राहिली वं? ओटीतलं दुसऱ्याले देत नसतात."

"माह्या ओटीतलं देऊन नाही राहिली मी. तुमची भरून राहिली."

"येडी झाली का? माही ओटी भरतात का? लोकं काय म्हनतीन?"

प्रेमिला रंभाबाईकडं बघायला लागली, उत्तराही बघायला लागली. आता म्हातारी काय बोलते, देव जाणे! रंभाबाई पायरीवरून उठली, गुडघ्यावर हात ठेवत ठेवत चालत आली, आणि सुनेवर खेकसली.

"अवं शामले, अशी उभ्यानं भरतात का ओटी? पाट आन! अन् तो खन काहून काढून ठेवला? पंधरा वर्स झाली मले, कोनी खन नाही देल्ला. हिले तरी दे."

मग काय विचारता! उत्तरा पाट घेऊन धावली. प्रेमिला करंडा घेऊन आली. कुंकू लावायला बायजाबाईंनी मान मागं घेतली, तेव्हा रंभाबाईनं त्यांची हनुवटी धरून ठेवली आणि प्रेमिलेनं लावून टाकलं. शामलाताईंनी खण ठेवला, नारळ ठेवला, आणि चाळीसही काडतुसं त्या पांढऱ्या पदरात ओतली. गोपाळराव दुसरीकडं बघत नाक शिंकरत होते.

ओटी भरली की तिच्यातले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात. बायजाबाईंना हे कोणी सांगितलं नाही. दहा वर्षांनी, न विसरता, त्यांचा हात आपोआप पदरात गेला आणि त्यांनी एक काडतूस उचलून शामलाताईंच्या तळव्यावर ठेवलं. मग स्वतःच दचकल्या. "माय वं! हे काय करून बसली मी? आता चाळीस कशी होतीन?"

"तुमच्या डब्यात तीन हायेत नं!" प्रेमिला ओरडली, आणि सगळ्याजणी खो खो हसल्या.

बायजाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि आडव्या पडल्या. कपाळावर कुंकू, बाजूला हिरव्या खणावर काडतुसांची रास. आता खट् नव्हतं, ठणाठण बार होते. कोणाला श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायची छाती होईना. चाळीस झाल्यावर गोपाळराव टार्गेटचे कागद घेऊन आले ते पळतच. हवालदार पळताना त्या क्लबात पहिल्यांदाच दिसला. "काय सांगू! काळ्याच्या बाहेर एक नाही! एक नाही!"

शामलाताईंच्या मुठीत ते एक काडतूस तसंच होतं. त्या म्हणाल्या, "मीबी एक झाडतेच." आडव्या पडल्या, श्वास धरला, घोडा दाबला. गोपाळरावांनी दुर्बीण लावली आणि लावूनच राहिले.

"ताई... बरोब्बर मधात. टिंबावर."

प्रेमिलेनं तोंडावर हात ठेवला. उत्तराचा चेहरा उतरला. शामलाताई क्षणभर त्या दूरच्या कागदाकडं बघत राहिल्या. मग त्या उठल्या, मातीचे हात झटकले आणि बायजाबाईंच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. रडता रडता हसायलाही लागल्या.

"बाई," त्या नाक पुसत म्हणाल्या, "पुन्यात एक जरी गोळी बाहीर गेली, तं मी तुमच्या संग बोलनार नाही."

"अन् बाहीर गेलीच तं दोष कोनाले देऊ वं?" बायजाबाईंनी विचारलं.

"आमच्या यायलेच द्या," शामलाताई गांधीबागेच्या दिशेनं हात करत म्हणाल्या. "त्यायले सवय हाय."