सुटणारी गाठ

‘तरंगिणी’ हे नौदलाचं शिडांचं जहाज २००४ साली जगाची फेरी मारून परतलं. पुढच्या सफरीवर जायचंच, असं खलाशी शेखरनं ठरवलं होतं. पण गाठींच्या चाचणीत तो नापास झाला. कापसाच्या गाडीची पक्की गाठ त्यानं शिडाला मारली आणि ती सुटेना म्हणून कापावी लागली.

फेरचाचणीआधी तो सुटीवर गावी आला आणि वडिलांच्या, रंगरावांच्या, कापसानं भरल्या गाडीला त्यानं जहाजाची गाठ मारली.

“काऊन बे, हे तं झटक्यात सुटन!” रंगराव म्हणाले. “बीटी कापसाचं पीक यंदा एवढंच आलं.”

“मोकळं टोक ओढलं तरच सुटते, आबा.”

नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत चिमूटभर कापूस सांडला नाही. तिथं रंगरावांनी टोक ओढलं, दोर सुटला. त्यांनी आपला रुमाल शेखरच्या डोळ्यांवर बांधला.

“आता मार तुही गाठ. वादळात डोये कुठं उघडे राह्यतात?”