खिशात मावलेली नळी

मित्रांनो, मी घडी होणारी एक जुनी स्नॉर्केल आहे. म्हणजे साधी रबरी नळी. एक टोक दातांत धरायचं, दुसरं पाण्यावर ठेवायचं आणि चेहरा पाण्यात असतानाही श्वास घ्यायचा. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाणाऱ्यांना मी क्वचितच लागते. टाकीतली हवा संपत आली, बोट लांब असली आणि लाटा तोंडावर आपटू लागल्या, की माझी आठवण होते.

माझा जन्म साच्यात झाला. तेव्हा मी स्वच्छ होते, एवढंच सांगण्यासारखं.

दुकानात मला मिशीवाल्या मामांनी निवडलं. पाण्याखाली जायला त्यांना त्यांच्या भाचीनेच शिकवलं होतं, आणि दुकानातही ती सोबत होती. ताठ, लांब नळी पाण्याच्या ओढीत हिसके देते, पट्ट्यांत अडकते, म्हणून तिने ती बाजूला सारली. घडीची चालेल, पण ओल्या हातमोज्यांनी उघडून बघ, सोडल्यावर सरळ होते का बघ, दातांत धरून जबडा दुखतो का बघ, असं ती सांगत राहिली. मामांनी माझी गुंडाळी केली, डबीत कोंबली आणि डबी सोबत आणलेल्या, पाण्यात घालायच्या जाकिटाच्या खिशात घालून वर थाप मारली.

"मावली. विषय संपला."

"मामा, ती तोंडात घालायची आहे," भाची म्हणाली.

जबडा मी रोज जेवताना तपासतो, असं म्हणून मामा निघालेसुद्धा.

तो खिसा आठवला की अजून शिसारी येते. त्यात विरघळलेली पेपरमिंटची गोळी होती, कधीच न वाळणारा हातरुमाल होता आणि एक शिंपला होता, ज्याचा मालक आत मरून कुजला होता. डबीत पाणी शिरायचं आणि आतच राहायचं. मामा बाकीचं सगळं सामान गोड्या पाण्याने धूत. मी डबीत होते, म्हणजे स्वच्छच असणार, असा त्यांचा हिशेब. माझ्या अंगावर बुळबुळीत थर चढला, त्यावर काळी बुरशी आली. मला स्वतःचाच वास सहन होईना.

"अहो, या तुमच्या सामानाच्या पिशवीत काय मेलंय?" मामींनी एकदा विचारलं. समुद्राचा वास आहे, असं मामा म्हणाले. समुद्राला असा वास असता तर मासे कधीच घर सोडून गेले असते, असं म्हणत मामींनी पिशवी गॅलरीत नेऊन टाकली. उघडून मात्र कुणीच पाहिलं नाही.

मग तो दिवस आला. मामा आणि भाची वर आले तेव्हा वारा सुटला होता आणि बोट दुसऱ्या पाणबुड्यांना घ्यायला लांब गेली होती. मामांची टाकी संपली होती, भाचीचीही. लाटेमागून लाट मामांच्या नाकातोंडात जात होती. त्यांनी चाचपडत मला बाहेर काढलं. महिनोन्‌महिने दुमडून मी मधेच वाकडी झाले होते. त्यांनी मला दातांत धरलं, एक श्वास घेतला आणि त्यांना उमासा आला. मी हातातून सुटले. पुढची लाट त्यांनी गिळलीच.

भाचीने स्वतःची स्वच्छ नळी काढून त्यांच्या तोंडात दिली. "धर. सोडू नकोस." मग तिने मला पकडलं, पाण्यात खळबळलं, बोटाने थर खरवडला. तो निघेना. तिने डोळे मिटले आणि मला दातांत धरलं.

मित्रांनो, मला तेव्हा विरघळून जावंसं वाटलं. एका हाताने मला सरळ धरून, दुसऱ्या हाताने मामांचं जाकीट पकडून ती श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला तिच्या घशातून ओकारी वर यायची आणि ती तशीच गिळून टाकायची. बोट आल्यावर मात्र कठड्यावरून वाकून ती पोटभर ओकली. मामा काळी पडलेली डबी उघडून आतून बोट फिरवून बघत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी मला साबण लावून, ब्रशने, कितीतरी वेळ घासलं.

"गेला वास," ते म्हणाले.

"मग घाला तोंडात," दारातून मामी म्हणाल्या.

मामांनी मला दातांत धरलं आणि मोरीत उभं राहून सावकाश श्वास घेतला. मामी हसल्या नाहीत.

आता मी खुंटीवर सरळ टांगलेली असते. एक काळा डाग राहिलाच आहे. मामा दर वेळी तो बघतात, मला उघडून, फुंकून बघतात आणि मगच खिशात ठेवतात.

मित्रांनो, अडचणीसाठी जपलेली वस्तू अधूनमधून बाहेर काढा, धुवा, वाळवा. ऐन वेळी ती कुणाच्या तोंडात जाईल, हे तुमच्या हातात नसतं.