चुलीने काळी केलेली भिंत

आमच्या गल्लीत चूल सगळ्यांत आधी बाहेर काढणारी मी. ईस्टर आठवड्यावर आला की हिवाळाभर घर तापवणारी लोखंडी चूल पडवीत, धुराड्याचं भोक विटेने बंद, आणि स्वयंपाकघराला पांढराशुभ्र चुना. सासूबाई स्तामेना दरवर्षी बजावायच्या, मेच्या पहिल्या आठवड्यातल्या संत जॉर्जच्या सणाआधी चूल हलवू नये, थंडी परत येते. मी ऐकून सोडून द्यायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत.

यंदा एकोणीस एप्रिलला सकाळी दार उघडलं, तर बहरलेल्या आलुबुखाराच्या फांद्या बर्फाने जमिनीला टेकलेल्या. वीजही गेलेली.

मागच्या पॉलिहाऊसमध्ये लाल मिरचीची आठशे रोपं होती. हे बी बाजारात मिळत नाही. सासूबाईंनी माहेरून आणलेलं, चाळीस वर्षं निवडून राखलेलं. त्या दरसाल मूठभर मागे ठेवायच्या. यंदा पेरणी पहिल्यांदा माझ्याकडे आली आणि मी बरणी झटकून सगळंच पेरलं. रोपं गेली तर वाणच बुडणार होता.

नवरा राडिशा झाडूला गोणपाट गुंडाळून छतावरचा बर्फ ओढत होता, पण पडणारा बर्फ त्याच्यापेक्षा चपळ होता. कमानी वाकायला लागल्या. रोपं घरात आणू म्हटलं, तर तो म्हणाला, घरात तरी ऊब कुठे आहे?

मी हातोडा घेतला आणि चार दिवसांपूर्वी मीच लिंपलेली वीट फोडली. चूल आम्ही तिघांनी आत आणली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंनी एक कोपरा धरला होता. तेव्हाच मी सांगून टाकलं, "आई, बी मागे ठेवलं नाही मी."

"माहीत आहे. बरणी बघितली होती," त्या म्हणाल्या. "आता चूल नीट धर."

घाईत जोडलेल्या धुराड्यातून काजळी भसकन बाहेर आली आणि भिंत वरपर्यंत काळी झाली. शेजारची दोब्रिला उघड्या दारातून डोकावली. "काय गं ल्युबिंका, यंदा काळा चुना मिळाला वाटतं?" तिच्या पॉलिहाऊसचं प्लास्टिक नवंकोरं होतं, त्यामुळे ती निवांत होती. नाकाने कांदे सोलण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. मी रोपांचे ट्रे आणायला मागे पळाले.

ट्रे टेबलावर ठेवले, पलंगांवर ठेवले, सासूबाईंच्या गादीवरही ठेवले. शेवटचा ट्रे घेऊन राडिशा बाहेर पडला आणि त्याच्या मागे कमान कडकन मोडली. बसायला घरात जागा उरली नाही. दोन दिवस आम्ही उभ्यानेच जेवलो आणि पाळीपाळीने चुलीत लाकडं सारत राहिलो.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी एकेक ट्रे खिडकीशी नेऊन पाहिला. सात-आठ रोपांनी मान टाकली होती, बाकी सगळी ताठ. मी तिथेच खाली बसून रडले, आनंदाने आणि थकव्यानेही.

दुपारी दोब्रिला आली. तिची रोपं प्लास्टिकखाली गारठून काळी पडली होती. भिंतीकडे न बघता तिने सासूबाईंना विचारलं, "स्तामेनाकाकू, पन्नास रोपं द्याल का?"

सासूबाई कॉफी ओतत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "मला काय विचारतेस? मिरच्या हिच्या आहेत. हिला विचार."

दोब्रिला माझ्याकडे वळली आणि तिने पुन्हा पन्नास रोपं मागितली. मी साठ दिली, तीही निवडून, जाड खोडाची.